भंडाऱ्याची शपथ

श्री

शहापूर, बेळगाव
फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १८५८

तीर्थरूप नागोजी अण्णांस,

धाकट्या केदारीचा साष्टांग नमस्कार. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुरळ्यानं तुमचा खोकला वाढला नसेल अशी आशा आहे. आईची तब्येत बरी आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

तुम्ही पाठवलेले कॅनव्हासचे बूट पोचले. अंगठ्याला किंचित लागतात, पण चालतील. मॅरेथॉन का काय म्हणतात त्या पाडव्यानंतरच्या लांब शर्यतीत तुम्ही माझं नाव घातलंत, तेव्हापासून गल्लीलाच जोर चढलाय. शेजारचा भरमू रोज अंडं आणून देतो आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

परवा अमावास्या, म्हणून हातमाग बंद. आई, चंपा, आमची दोघांची पोर शेवंता आणि मी येळ्ळूरच्या गडावर गेलो. मला चढाचा सराव आणि त्यांना फिरणं. भाकरी, झुणका, मडक्यात ताक असं सगळं बांधून घेतलं होतं. पायथ्याला मी म्हटलं, तुम्ही सावकाश या, मी पळत पुढं होतो. चंपा म्हणाली, मीही येते मागनं. मी हसून म्हटलं, ये की.

हवा छान होती. वरून बेळगाव दिसत होतं.

इथवर लिहून चहा पिऊन आलो. पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तुमच्यापासून लपवून जाऊ कुठं? अण्णा, चंपा माझ्या पुढं गेली. अनवाणी, काष्टा खोचून, कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन. आधी वाटलं मीच रमतगमत चाललोय. मग जीव खाऊन पळालो. दरवाजाशी पोचलो तर ही दगडावर बसून शेवंताचं नाक पुसत होती. मी तिथंच आडवा झालो.

मी म्हटलं, माझा पाय मुरगळला होता. खोटं बोललो. तिनं पायाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मग थोडं बसा. खाली जाऊन परत येऊ. आता पोरीला तुम्ही घ्या, मी मोकळी पळून बघते."

दुसऱ्या खेपेला पहिल्या वळणानंतर मला तिची पाठसुद्धा दिसली नाही. आई अर्ध्या वाटेवर बसून सारं बघत होती.

मी अजून हादरलेलोच आहे. ताणा घालताना लग्नापासून ही बाई सुताचं टोक धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर येरझाऱ्या घालते. मी मागाच्या खड्ड्यात बसून, ताणा झाला का, एवढंच विचारायचो. सराव माझा चाललाय असं आम्ही सगळेच समजत होतो.

घरी आल्यावर आईनं यल्लम्माच्या देव्हाऱ्यातला हळदीचा भंडारा पुढं केला. बायको पुढं पळाली की नवऱ्याचे पाय बांधले जातात, असं तिचं म्हणणं. "ह्यो उचल," म्हणाली, "आन पुन्यांदा पळणार न्हाय म्हण."

चंपानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिलो. तिनं चिमूट उचलली आणि तसं म्हणाली. भंडारा उचलून बोललेलं आपल्याकडं कुणी मोडत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं.

आणि आता जे टाळत होतो ते लिहितो. तिनं शपथ घेतली तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो, असा मोठा श्वास टाकला मी. तो श्वास तिनं ऐकला. तेव्हापासून ती ताणा घालते, मला वाढते, बूट लागतात का विचारते. भांडली असती तर सोसलं असतं. पहाटे पळायला निघतो, तर शेताच्या बांधावर बसून परत येतो.

शपथ आईनं घातली, तर ती सुटली असं आईनंच म्हणायला हवं. तुम्ही मधे पडू नका, हे मलाच बोलायचं आहे. आज दिवेलागणीला बोलणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर तोंड उघडतोय. ती नाही म्हणाली तर शर्यतीतलं माझं नाव काढून टाका. जी माझ्याहून जोरात पळते तिला घरात बांधून ठेवून मी लोकांपुढं पळणार नाही.

रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमचा,
येळ्ळूरच्या गडावर दोन्ही वेळा दुसरा आलेला
केदारी