टाकीच्या मापाचा दिवा

माय, तू मासे पाहिलेस ते बाजारात, टोपलीत पडलेले. आता आपल्या पिंगळीच्या घरात काचेच्या टाकीत जिवंत मासे फिरतात, हे तुला कसं सांगावं? खायला नाहीत, नुसते बघायला आहेत. तुझ्या सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची आणि घास जवळ नेला की दात आवळून घ्यायची. मग पोरानं परभणीहून ही टाकी आणली आणि तिच्या खाटेसमोर स्टुलावर मांडली. दोन-तीन दिवसांत ती कूस बदलून माशांकडं बघायला लागली, जेवायला लागली. आणि गेल्या महिन्यात टाकीवरचा दिवा गेला. त्या खोलीला खिडकी नाही. दिव्याशिवाय टाकी म्हणजे नुसतं काळं पाणी. दुपारपर्यंत ती परत भिंतीकडं वळली आणि ताटलीतला भात तसाच राहिला.

पोरगा नोकरीपायी लांब असतो, त्याची बायको आमच्याजवळ राहते. तो फोनवर म्हणाला, "दादा, रविवारी येतो, तवर दम धरा." मला दम कुठला? तोवर हिनं पाणीही सोडलं तर? तसाच ऑटोत बसलो आणि परभणीला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार पोराच्याच वयाचा, तोंडाचा मोकळा.

"टाकी किती लांब हाय, चाचा?"

"दोन फूट असंल. तुमी तीनाचा द्या."

"दोनाच्या टाकीला तीनाचा? ह्यो पायजमा न्हाई चाचा, नाडी आवळली की बसला."

"असू द्या हो जास्तीचा. आखूड पडला तर मी काय करू?"

"तुमची मर्जी. पर खोका फाडू नका, वापस घेईन."

हे मी तुझ्यापासूनच शिकलो, माय. ताडकळसच्या बाजारात तू मला शाळेचा सदरा घेतलास तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तू माझ्या पाठीवर वीत टाकतेस, आणि वर आणखी एक वीत धरतेस. दुकानदार म्हणतो, "बाई, ह्यात दोन पोरं मावतील." तू म्हणतेस, "मावू द्या. जास्तीचं दुमडता येतं, आखुडाला काय ठिगळ लावू?" दोर घेतलास तरी हातभर जास्त, गोधडी शिवलीस तरी खाटेखाली लोंबणारी. त्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून दुमडून मी पाचवीपर्यंत गेलो. तो अंगाला नीट बसला तेव्हा शाळा सुटलेली होती आणि मी मेंढरांमागं होतो. पण वाया काही गेलं नाही, एवढं खरं. तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना माझ्या तोंडून 'असू द्या जास्तीचा' हेच येतं.

दिवा घरी आणून टाकीवर ठेवला तर दोन्ही बाजूंनी वीतवीत बाहेर. त्याला दोन टोकांना पाय असतात, ते काचेच्या काठावर टेकायला पाहिजेत. ते हवेत लोंबकळत होते. पोराची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मामा, ह्यो टाकीचा न्हाई, ट्रॅक्टरला लावायचा दिवा हाय." दिवा काही दुमडता येत नाही, माय, आणि कापताही येत नाही. तरी मी सुतळीनं आवळून बांधला आणि बटण दाबलं. बाहेर आलेल्या टोकाचा पांढरा उजेड सरळ खाटेवर पडला. हिनं डोळे मिटले. मग डाव्या हातानं चाचपत चाचपत पदर ओढला आणि तोंडावर घेतला. मेलेल्या माणसाच्या तोंडावर घेतात तसा.

"तेंच्या डोळ्यात जायलाय मामा, बंद करा की!"

तेवढ्यात सुतळी सरकली आणि दिवा पाण्याकडं कलला. मी वायर उपटली. पाण्यात करंट उतरला असता तर? मासे गेले असते तर हिनं कशाकडं बघितलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुसरी सुतळी घेतली. काचेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणली, दोन्हीकडं गाठ मारली. मग वाटलं, जास्त ताणली असेल. परत मोजली. मग वाटलं, बाहेरून मोजायची की आतून? पोराची बायको म्हणाली, "मामा, सुतळी तुटंल आता, जावा." दुकानदारानं मोठा दिवा वापस घेतला, सुतळी टेबलावर पसरली आणि तिच्याशेजारी दिव्याची एक पट्टी ठेवली. पट्टी दोन बोटं आखूड होती.

"ही आखूड हाय," मी म्हणालो.

"आखूडच लागती चाचा. हे पाय बाहेर सरकतात, बघा. पाय काठावर, दिवा पाण्यावर. लय आखूड घेतली तर कोपरे अंधारात जातील. ही बरुबर हाय."

"नक्की?"

"माशाला इचारून सांगू का?"

माय, जन्मात पहिल्यांदा मी आखूड वस्तू विकत घेतली. ऑटोत ती मांडीवर धरून बसलो होतो आणि पिंगळी येईपर्यंत वाटत होतं, आपण फसलो. पण ते पाय सरकवले तसे दोन्ही काठांवर गच्च बसले. उजेड सगळा पाण्यात राहिला, खाटेपर्यंत आला तो नुसता मऊ, हलता. केशरी मासा वर आला. ही लगेच नाही वळली. दिवेलागणीला पोराच्या बायकोनं भाकर कुस्करली आणि म्हणाली, "मामा, तुमीच भरवा. माझ्या हातचं थुकून द्यायल्यात." मी घास धरून बसलो, हात अवघडला. मग हिनं मान फिरवली, माशाकडं बघितलं, आणि तोंड उघडलं.

तू जाऊन वर्षं झाली, आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. कुणाला बोललो नाही ते तेवढं लिहितो. दिवा जास्त वेळ चालू ठेवला की काचेला शेवाळ धरतं, असं दुकानदारानं बजावलंय. पोराची बायको निजायला जाताना विचारते, "बंद केला ना, मामा?" मी हो म्हणतो. पण करत नाही. काच हिरवी व्हायला लागली आहे, आणि ती समजते मला माशांचा नाद लागलाय. मी मासे बघत नाही, माय. त्या उजेडात हिच्या छातीवरची चादर वर-खाली होताना दिसते.