सातव्या होलवरचा पाला

१८ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

इकडे सारं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, तक्रारी चालू आहेत, म्हणजे प्रकृती उत्तम.

तू विचारलंस, "सासरे कसे वाटले?" होणारे सासरे म्हण. मी अजून हो म्हटलेलं नाही.

कारखान्याला माल देणाऱ्या प्रत्येकाला मी आधी गोल्फला नेतो, हे तुला ठाऊक आहे. कुणी म्हणतं खेळाची मजा मैदानात, कुणी म्हणतं हवेत, कुणी महागड्या काठीत. मी म्हणतो, सोबतीत. चार तास शेजारून चालणारा माणूस लपवून लपवून किती लपवणार? म्हणून तुझ्या या होणाऱ्या सासऱ्यांनाही नेलं.

माणूस संशयास्पद निघाला. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणारा दातांचा डॉक्टर, पण स्वतः तोंड उघडेल तर शपथ. माझ्या चांगल्या फटक्याला "छान", वाईटाला काहीच नाही. विनोदाला हसले, तेही जरा उशिराच. लेथच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मी, पण यांचा आवाजच येईना.

शेवटच्या होलवर तर कहर. काठी टेकवताना म्हणे चेंडू केसभर हलला. मी पाहिलं नव्हतं. तरी म्हणाले, "माझा एक फटका वाढवा." ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि चेंडू हलवला तर दंडाचा एक फटका वाढतो; एवढा सज्जनपणा कुणाला दाखवायला? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरत होतंच. सातव्या होलवर माझा चेंडू झाडाच्या मुळाला टेकला होता. डॉक्टर पाठमोरे होते. मी बुटाने जरा अलीकडे घेतला. पुढे त्यांनी विचारलं, "किती फटके?" मी म्हटलं, "पाच." त्यांनी कार्डावर पाच लिहिले. त्यांची परीक्षा घ्यायला सरकवला, असं तुला लिहिणार होतो. तेही खोटं. सवयीने सरकवला.

गाडीपाशी ते म्हणाले, "तुमचे कान फार तिखट आहेत, असं सूनबाई..." आणि थांबले. "तुमची मुलगी म्हणते."

"धंद्याने दिलेत," मी म्हटलं.

"माझेही बरे आहेत. सातव्यावर पाला वाजला."

"मग तिथेच बोलायचं की."

"म्हटलं, तुम्ही बोलाल." हात मिळवला आणि गेले.

तू लिहितेस, त्यांच्या घरी चार दिवस लग्नाचा विषयच निघत नाही, काय झालंय कळत नाही. मला कळतंय. मी दोनदा त्यांना फोन लावला. दोन्ही वेळा दाढ दुखते असं सांगून ठेवून दिला. उद्या अकराला बोलावलंय दाखवायला. दाढ ठणठणीत आहे, तरी जाणार आहे.

माझा होकार आहे, ठमे. असा माणूस शेजारून चालणार असेल तर तुझं चांगलंच होईल. त्यांचा होकार अजून आहे का, ते तू विचार. त्याआधी हे पत्र त्यांना वाचायला पाठव. न जाणो, उद्या खुर्चीत मी नुसताच आ करून बसेन.

सातव्यावर सहा मारलेला,
तुझा बाबा