मोठ्या थेंबांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, धंदा पावसाचे थेंब मोजणे, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर 'काळजी करू नका' म्हणाले, म्हणजे कारण आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. लग्न केले आहे. त्याचा समाचार पुढे घेतला आहे.

कलम १. घर. हे दुमजली घर वडिलांनी माझ्या नावे केले. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी माझ्या पतींना देते. वाचणाऱ्यास धक्का बसला असल्यास पाणी प्यावे.

अट एकच. वकीलबाईंनी मला सांगितले आहे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काहीही घेता येत नाही. हा नियम मला फार आवडला. म्हणून माझी सही होताच हे कागद आधी पतींच्याच हाती द्यावेत आणि साक्षीदाराची सही मागावी. त्यांनी वाचले, तर ते सही करणार नाहीत आणि घर त्यांचे. न वाचता सही केली, तर घर त्यांच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे माझ्या नणंदेचे. वाचायला हवा तेवढा वेळ द्यावा. घाई कोणी करू नये.

कलम २. ही अट कशासाठी. आम्ही दोघे माती संशोधनाच्या एकाच केंद्रात होतो. मी थेंब मोजत असे, ते थेंबांवर भाषणे देत. मोजण्याची रीत सोपी आहे. चाळलेले पीठ परातीत सपाट भरायचे, झाकून भर पावसात न्यायचे, क्षणभर झाकण काढून पुन्हा लावायचे. पडलेल्या प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. गोळ्या भट्टीत वाळवून एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून चाळायच्या आणि वजन करायचे. गोळीवरून थेंबाचा आकार कळतो, आकारावरून वेग, आणि दोन्हींवरून तो जमिनीला किती जोरात हाणतो ते. थेंब दुप्पट रुंद झाला की आठपट जड होतो, वर वेगही वाढतो. आमच्याकडच्या उष्ण हवेतल्या पावसात असे दांडगे थेंब मूठभर, पण माती फोडण्यात त्यांचा हात सगळ्यांत मोठा.

वरच्या चाळणीत राहिलेल्या गोळ्या मी टेबलावर मांडल्या, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, दोन-दोन थेंब चिकटलेत हे. काढून टाक. आलेख बिघडतोय."

"चिकटलेल्यांना कंबर असते, शेंगेसारखी. हे गोल आहेत. हातात घेऊन बघा तरी."

"मला कशाला दाखवतेस? तू बघितलंस ना?"

"मग ठेवू?"

"काढ."

मी काढले नाहीत. अहवालात लिहिले की हे थेंब वगळले तर उतारावरचे बांध टिकणार नाहीत. अहवाल त्यांनी पहिल्या पानावरून थेट शेवटच्या पानावर नेला, कारण सहीची जागा तिथे होती. मग पाऊस किती माती फोडतो आणि बांध किती उंच हवा, याचे सूत्र तयार करताना मोठे थेंब त्यांनीच वगळले, आणि त्या सूत्राला त्यांचे नाव मिळाले.

सूत्राप्रमाणे टेकडीवर बुटके बांध घातले गेले. तिसऱ्या पावसाळ्यात बांध, माती आणि खालच्या लोकांची रोपे एकाच दुपारी तळ्यात जाऊन बसली. चौकशी समितीपुढे माझे पती एवढेच म्हणाले, "मोजणी मॅडमनी केली होती." घरात मी जन्मभर 'अगं' होते. मॅडम झाले ती त्या दिवशी. बढती म्हणून मला केंद्राच्या भांडारात पाठवले, खुर्च्यांवर क्रमांक रंगवायला.

कलम ३. चाळण्यांचा संच, तराजू व परात नणंदेस. ती परिचारिका आहे. चौकशीच्या दिवशी सुट्टी काढून आली आणि दारातच भावाला म्हणाली, "दादा, तू वाचलं नव्हतंस, एवढं तरी सांग त्यांना."

"तुझं काम सुया टोचायचं. तेच कर."

"तेच करतेय," ती म्हणाली. तेव्हापासून दादा तिच्याशी बोलत नाहीत. घर तिच्याकडे गेलेच, तर राहायला खोली द्यायची की नाही हे तिने ठरवावे. मात्र आधी त्यांना तोंडाने मागायला लावावे.

कलम ४. मोठ्या, गोल, बिनकंबरेच्या गोळ्यांची बरणी केंद्राच्या वाचनालयास. ती सूत्राच्या तसबिरीखाली ठेवावी. झाकण सैल ठेवावे, म्हणजे ज्याला हातात घेऊन बघायचे त्याला बघता येईल.

कलम ५. बँकेतील शिल्लक त्या टेकडीवर झुडपे लावण्यास द्यावी. माझ्या नावाची पाटी नको. त्यांच्या नावाची लावल्यास झुडपे उपटावीत.

कलम ६. शोकसभा घेतल्यास माझ्या पतींना बोलू देऊ नये. ते माझ्या कामाला 'मोलाची साथ' म्हणतील, आणि मला उठून हरकत घेता येणार नाही.

कलम ७. कोणी म्हणेल, बाई, सूडच घ्यायचा तर सरळ बेदखल कर. तसे केले तर ते बायकोने छळले म्हणून गावभर सांगत फिरतील, आणि लोक त्यांना चहा पाजतील. त्यांनी स्वतःला स्वतःच्या वळणदार अक्षरात बेदखल करावे, एवढीच माझी इच्छा. आता दुसरी इच्छाही लिहिते, कारण खोटे आकडे मला जमत नाहीत. यातल्या कोणत्याही पानावर ते थांबले आणि "हे काय लिहिलंस?" असे विचारले, तर मी हरले आणि घर त्यांचे. त्या प्रश्नाची वाट मी लग्नापासून पाहते आहे.

स्थळ : राहते घर, वरचा मजला. दिनांक : १९ ऑगस्ट.

लिहून ठेवणार : (सही)

वकिलांची नोंद : बाईंनी आमच्यासमोर सही केली व सर्व पाने पतींच्या हाती दिली. "कसला कागद गं?" त्यांनी विचारले. "घराचा आहे. वाचा ना," बाई म्हणाल्या. "तू लिहिलंयस ना? मग बरोबरच असणार." बाई पुन्हा म्हणाल्या, "अहो, वाचा." त्यावर त्यांनी मला विचारले, "सही कुठे करू?" मी बाईंकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मी जागा दाखवली.

साक्षीदार १ : (सही) लिहून ठेवणारीचे पती. माजी प्रमुख, माती संशोधन केंद्र.

साक्षीदार २ : (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टर. वाचायला वेळ लागला, माफी असावी.