चार वाजताचा चहा

प्रिय धाकट्या,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच तोडलं असतंस, नाहीतर मी रडले असते, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच. आणि आईचं नाव आलं म्हणून कागद बाजूला टाकू नकोस. बाबांना जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून तू तिच्याशी एक शब्द बोललेला नाहीस. दर रविवारी ती चष्मा लावून फोनजवळ येऊन बसते. फोन ऐकायला चष्मा कशाला लागतो, देव जाणे! तू माझ्याशी बोलून ठेवून देतोस. मग ती तुझा खोकला गेला का एवढंच मला विचारते आणि आत जाते.

बाबांना झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या त्यांनी. त्यांचा आवाज ऐकून लोक हातातलं सोडून फलाटाकडे पळायचे. त्या माणसाच्या तोंडून साधा हुंकार निघेना. दवाखान्याने घरी स्पीच थेरपीवाली बाई पाठवली. ती स्वतः जेमतेम बोलायची, म्हणून मी तिचं नाव 'बोलक्या बाई' ठेवलं. तुला फोनवर तिची नक्कल करून दाखवली होती, आठवतं ना? पोट धरून हसला होतास.

मला वाटलेलं, ही येऊन बाबांना अक्षरं गिरवून घेतल्यासारखं बोलायला शिकवणार. समोरच्यांच्या नातीचं बोबडं बोलणं अशाच एका बाईंनी घालवलं होतं, तेवढंच माझं ज्ञान. हिने पहिल्या दिवशी पिशवीतून किल्लीची, कंगव्याची, चमच्याची चित्रं काढली, ती दोन मिनिटं दाखवली आणि मग अर्धा तास बाबांच्या गळ्यावर बोटं ठेवून त्यांना चमच्याने पाणीच पाजत बसली. मी मनात म्हटलं, ही काय थट्टा आहे? ती सांगत होती की बोलायला जी जीभ, जो घसा लागतो तोच गिळायलाही लागतो, झटक्यानंतर तेही बिघडतं आणि ते बघणं तिचंच काम आहे. मला तेव्हा शाळेचे चाळीस गणवेश शिवून द्यायचे होते. एक कान तिच्याकडे, एक मशीनकडे. पाण्यात, चहात घट्ट करायची पूड घालायची, ताठ बसवून चमच्याने द्यायचं, असं एका कागदावर तिने दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. मी एकच बाजू वाचली. जाताना ती म्हणाली की यांना बोलता येत नाही, पण सगळं कळतंय, त्यांच्यासमोर जपून बोला. त्याच संध्याकाळी आपण स्पीकरवर त्यांना कुठल्या संस्थेत ठेवावं यावर बोललो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

तिसऱ्या वेळी मी तिला दारातूनच परत पाठवलं. या वयात बाबांना कुठे गाड्या पुकारायच्यात, असं तूही म्हणाला होतास. पण ते तुझ्या माथी मारत नाही. दार मी लावलं.

आई मात्र इमानेइतबारे पूड कालवायची. तो चिकट चहा तोंडात गेला की बाबांचा चेहरा बघवत नसे. सगळं आयुष्य स्थानकावर चारची गाडी सुटली की कडक चहा पिणारा माणूस! मला राहवेना. आई दुपारी लवंडली की मी त्यांना साधा, पातळ चहा कपाने द्यायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी लाडीगोडी लावली, घ्या हो बाबा, तुमच्यासाठी केलाय म्हटलं. मग प्यायले. ठसका नाही, काही नाही. मला वाटलं, बोलक्या बाईंचा नुसता बाऊ. आणि चौथ्या दिवशी, चहा झाल्यावर, त्यांच्या घशातून आवाज आला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा! ओलसर, खोलवरचा, घरघरता. मी मशीन सोडून नाचायचीच बाकी होते. चहाने गळा मोकळा होतोय म्हणून तुला फोन लावला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. तू ऑफिसात ढसाढसा रडलास. त्या दिवसापासून मी दोन कप द्यायला लागले.

पुढच्या आठवड्यात बाबांना ताप आला, न्यूमोनिया निघाला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की बरेच दिवस पातळ काहीतरी थोडं थोडं छातीत उतरत होतं. झटक्यानंतर कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. आईने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. घरी येऊन मी तो कागद शोधला. मशीनखालच्या चिंध्यांत सापडला, मी त्याचा कॉलरसाठी नमुना कापला होता. मागच्या बाजूला जेवढं शिल्लक होतं त्यात होतं: पिऊन झाल्यावर आवाज ओला, घशात पाणी घोळल्यासारखा आला तर देणं थांबवा, लगेच कळवा.

बाबा गेल्यावर तू आलास आणि पलंगाशेजारची उघडी खिडकी बघून आईवर तुटून पडलास. थंडीत खिडकी उघडी ठेवून बाबांना मारलंस, म्हणालास. तिने मान डोलावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट आवळलं. नंतर भांडी विसळताना म्हणाली, त्याला कुणावर तरी रागावायचंय, आईवरचा राग महिन्याभरात जातो, बहिणीवरचा जात नाही. मी गप्प बसले. खरं सांगू? मला गप्प बसायला बरंच वाटलं. खिडकी तिने का उघडली होती माहीत आहे? तिथून स्थानकावर भोंग्यातून पुकारलेल्या गाड्या ऐकू येतात आणि ते ऐकताना बाबांचा डावा हात हलायचा. आता ती घरातली एकही खिडकी उघडत नाही. एवढ्या उकाड्यात सगळं बंद करून बसते. परवा मी उघडायला गेले तर अंगावर ओरडली आणि मग मला म्हणाली की खरंच खिडकीमुळेच झालं असेल का गं. माझ्यावर पांघरूण घालता घालता तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय. म्हणून हे पत्र. तो आवाज तू फोनमध्ये जपून ठेवलायस आणि कामावर जाताना ऐकतोस, म्हणाला होतास. नको ऐकूस. बाबा बोलत नव्हते रे, बाबा बुडत होते, आणि कप माझ्या हातात होता. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण या रविवारी फोन कर. मी मुद्दाम बाहेर जाईन. ती चष्मा लावून बसलेली असेल. तिला खिडकी उघडायला सांग.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई