खजुरी आणि मनोरा एका रेषेत

अल-अतया, केरकेना बेटं
१९ ऑक्टोबर

लाडक्या खमीस,

सलाम, आणि मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. बाबा नेहमीसारखेच, म्हणजे सकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुर आणि दुपारी जास्त म्हणून. शेळी व्याली. हमदाकाकांनी समुद्रात सोडलेल्या मडक्यांत ऑक्टोपस सापडायला लागलेत. दोन वाळत घातलेत, मोठा तुझ्या नावाचा. तू स्फाक्सला गेल्यापासून तुझ्या नावाचा ऑक्टोपस दर हिवाळ्यात मीच खाते.

आधी कामाचं. वारा फिरायच्या आत आपली झावळ्यांची भिंत समुद्रात उभी राहायला हवी. ती नसली की सापळ्यात मासे येणार नाहीत, हे तर आहेच; पण आपल्या वाट्याचा समुद्र उघडा पडतो आणि तळ खरवडणाऱ्या बोटींना मोकळं रान मिळतं. त्या बोटींबद्दल तुला मी काय सांगणार, तू त्यांच्यावरच कामाला आहेस. एकाने झावळी धरायची, दुसऱ्याने ती रेतीत रोवायची. मला एकटीला नाही जमत. तू ये. बाबांशी भांडून गेलास ते गेलास, तरी ये.

आता खरी बातमी. समुद्रगवताला फुलं आली आहेत!

गेल्या आठवड्यात मी होडी घेऊन एकटीच निघाले. किनाऱ्यावर बायकांनी सोडलं नाहीच. फातूम म्हणाली, "मन्नूबिया, आता मिशापण ठेव गं!" म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या पाठव, नाहीतरी त्याला शोभत नाहीत."

समुद्र अगदी गप्प होता. आपली ती काचेच्या बुडाची बादली पाण्यावर दाबली, आत डोकं घातलं, आणि मी बोलायचंच विसरले. तसं ऐकायला होतं कोण म्हणा. हिरव्या पात्यांमधून तुरे वर आले होते, पोपटी, मधे जरा पिवळसर. एकेक पाहिला तर काही विशेष नाही, लग्नात कोणी केसांत माळणार नाही. पण खमीस, नजर जाईल तिथपर्यंत! पात्यांना हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले, एकेक सुटायचा आणि वर येऊन माझ्या काचेला टेकायचा. खालचं सगळं रान श्वास सोडत होतं आणि तो माझ्या तोंडापाशी येत होता. एक समुद्रघोडा तुऱ्याला शेपटी गुंडाळून निवांत बसला होता. माझी मान आखडली तरी मला डोकं काढवेना. इतकी वर्षं आपण या पाण्यावर जगलो आणि खाली हे आहे, याचं मला रडूच आलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"सगळीकडे? की एखाददुसरा तुरा?"

"सगळीकडे, बाबा."

"खमीस जन्मला त्या वर्षी असं फुललं होतं. त्यानंतर आत्ता." मग म्हणाले, "रंग सांग. परत सांग."

त्यांनी ते माझ्याकडून कितीदा तरी वदवून घेतलं. मागे स्फाक्सहून एक संशोधक बाई आल्या होत्या. त्या सांगून गेल्या की हे गवत वेगवेगळं नसावं. कदाचित सगळं मिळून एकच झाड असेल, वर्षाला बोटभर सरकत हजारो वर्षं पसरलेलं. बाबांना ते आठवलं. "म्हणजे मी जन्मभर एका म्हाताऱ्याच्या दाढीवरून होडी चालवली?" असं म्हणून ते हसले.

तुला वाटलं असेल, बाबा स्वतःच का नाही गेले बघायला. हेच लिहायचं मी टाळत होते. बाबांना दिसत नाही, खमीस. वसंतापासून. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे.

आणखी एक टाळलेलं आहे. त्या फुललेल्या रानात मधोमध, आपल्याच हद्दीत, एक उघडा पट्टा आहे, जाळ्याच्या रुंदीचा. पांढरी रेती, आणि कडेला उपटलेली मुळं. त्या मुळांत अडकलेला जाळ्याचा तुकडा मी आणला आणि गोठ्यात लपवला. बाबांना चकार शब्द सांगितला नाही. पण आपली शेळी कसली लपवू देते! तिने तो अंगणात ओढला आणि बाबांचा पाय त्यात गुंतला. खाली बसून त्यांनी सगळ्या गाठी चाचपल्या.

"डावखुऱ्याची गाठ," ते म्हणाले. "किती सांगितलं या पोराला, उलटी मारू नकोस."

ती तुझी गाठ आहे हे मला बादलीतून पाहतानाच कळलं होतं. आता बाबा घर डोक्यावर घेणार म्हणून मी दाराशी उभी राहिले. ते फक्त म्हणाले, "पट्टा कुठून जातो? तिथून मनोरा कशाच्या रेषेत दिसतो?"

"हमदाकाकांच्या खजुरीच्या."

"आपली खजुरी फेब्रुवारीच्या वादळात पडली. खमीसला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग तो आपला समुद्र टाळत होता, मन्नू. मशिदीचा मनोरा आणि आपली खजुरी एका रेषेत आली की आपली हद्द लागली, हे मीच त्याला शिकवलंय. लांबून त्याला एकच खजुरी दिसली. त्याला वाटलं, ती आपली. तो बाहेरच होता, त्याच्या हिशोबाने."

मला हुंदका आवरला नाही. पण तू एवढ्यावर सुटलास असं समजू नकोस. मी विचारलं, "आपलं टाळून हमदाकाकांचं गवत ओरबाडलं असतं, ते चाललं असतं का?" बाबा म्हणाले, "झाड एकच आहे, म्हणाली ना ती बाई. त्याला कुठे हद्द माहीत आहे!"

काल मी परत जाऊन आले. पट्ट्याच्या कडेला, उपटलेल्या मुळाच्या एका टोकाला, नवी पाती फुटली आहेत. आणि त्यांच्याच शेजारी एक तुरा. जखमेच्या काठावर, खमीस! तो पट्टा भरलेला ना तू पाहशील, ना मी, ना आपली नातवंडं. त्या झाडाला घाई नाही. पण त्यावरून जाळं पुन्हा फिरता कामा नये, आणि त्यासाठी भिंत हवी.

पडलेल्या खजुरीच्या झावळ्या मी राखून ठेवल्या होत्या, आता पाण्यात भिजत घातल्यात. बाबांनी तुला एवढाच निरोप सांगितला आहे: खजुरी पडली. बाकी त्याला कळेल, म्हणाले.

जाळं तिकडेच ठेव आणि लहान होडीने ये. खजुरीचा बुंधा अजून जागेवर आहे. त्यावर मी रोज सकाळी उभी राहीन, लाल ओढणी घेऊन. मनोरा आणि मी एका रेषेत आलो की समज, हद्द लागली. तिथून पुढे खाली फुलं आहेत. वल्हं जरा हलक्या हाताने मार.

तुझ्या खुणेच्या जागी उभी,
मन्नूबिया