शेवटचे दोन काप

ता. ३ मार्च

तीर्थस्वरूप आजीस, शि. सा. न.

हे पत्र काकूच वाचून दाखवणार, तेव्हा तिलाही नमस्कार.

उंदरांचं नेमकं काय करतेस, असं विचारलंस. माझी पिल्लं जन्मतःच दोषाची. दहा-बारा दिवसांची झाली की थरथरायला लागतात. मेंदूतल्या बारीक तंतूंवर आवरण असतं. ते गुंडाळणाऱ्या पेशी ह्या पिल्लांत काम व्हायच्या आतच मरतात. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणतात, खोट पेशींतच आहे. मला वाटतं, आजूबाजूच्या मेंदूचाही त्यात हात असावा. म्हणून मी त्या पेशी निरोगी पिल्लांच्या मेंदूच्या पातळ कापांवर ठेवल्या. पाचव्या दिवशी काप रंगवून भिंगाखाली पाहिले. पेशी होत्या, आवरणाचा पत्ता नाही. एकदा रंगवला की तो काप संपतो. असे सहा संपले, दोन उरलेत. महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद. तीन वर्षं गेली गं ह्यात.

तुझा हात कसा आहे?

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस, डोक्यावर हात ठेवून अनेक आशीर्वाद.

बोलते आहे मी, लिहिते आहे तुझी काकू. शाई तिची, अक्कल माझी. (सासूबाई स्वतःच हसतायत. मी मुकाट्याने लिहिते आहे. – काकू)

हात बरा आहे. कप धरता येतो. सांडलाच तर काकूच्या बाजूला सांडते.

उंदरांचं दोनदा वाचून घेतलं. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि धंदा शेवटी माझाच निघाला. तांब्याच्या तारेवर फीत गुंडाळण्यात माझी हयात गेली. पण विजेच्या मोटारींच्या ज्या कारखान्यात मी पहिल्यांदा लागले, तिथून मला हाकललं होतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मीच सांगू दिलं नाही. माझे वेढे ढिले पडायचे. दुसरीकडे लागले, तर तिथल्या मिस्त्रींनीही पाचव्याच दिवशी माझी गुंडाळी बघून नाक मुरडलं. शेजारच्या टेबलावर एक मोठ्या बाई बसायच्या. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं की हिला पंधरा दिवस माझ्याशेजारी राहू द्या, मग काय ते बघा. त्यांनी मला शिकवलं म्हणावं, तर तसंही नाही. त्या आपलं काम करायच्या. त्यांच्या हाताच्या चालीवर हळूहळू माझा हात चालायला लागला. बाराव्या दिवशी गुंडाळी पास झाली. पुढे एकतीस वर्षं तिथेच काढली. त्या बाई होत्या म्हणून तुझा बाप शाळेत गेला, आणि आज तू उंदरांच्या मागे लागली आहेस.

मला पेशी-बिशी काही कळत नाही. पण तूही पाचव्याच दिवशी का बघतेस? मिस्त्री झालीस का? उरलेल्या दोघांना जरा राहू दे.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते काही संपायचे नाहीत.

तुझी आजी

ता. २८ मार्च

तीर्थस्वरूप आजीस, शि. सा. न.

निरोगी पेशी पाचव्या दिवशी गुंडाळायला लागतात, म्हणून सगळेच पाचव्या दिवशी पाहतात. ह्या पेशींना तेवढे दिवस पुरतात का, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या की इतके दिवस काप टिकणार नाहीत, पण अडवलं नाही. मी दिवसाआड कापांखालचं पोषक पाणी बदलत होते. दहाव्या दिवशी एकाला बुरशी लागली. मी जिन्यात बसून रडले, हे काकूने हळू वाचावं.

चौदाव्या दिवशी शेवटचा काप रंगवला. अकरा तंतूंवर आवरण होतं. पातळ, पण होतं. तुलनेसाठी त्याच पेशी आजारी पिल्लाच्या मेंदूच्या कापावरही ठेवल्या होत्या, तिथे एकही वाचली नाही. मॅडमनी खुर्ची ओढली आणि पुन्हा स्वतः मोजले. मग म्हणाल्या की एका कापावर काही सिद्ध होत नाही, तेव्हा सहा महिने घे आणि पुन्हा कर. पिल्लं ह्याने बरी होणार नाहीत, एवढ्यात तरी. पण काम चालू राहिलं, आजी, तुझ्यामुळे.

अहवालाच्या शेवटी आभार असतात. तिथे तुझं नाव घालायचं आहे. कसं घालू ते कळव.

मला तुझ्या मायेत असू दे.

तुझी,
भिंगरी

ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून मी चहा दोनदा घेतला. काकूने एकदाही हटकलं नाही, म्हणजे तीही खूश आहे. (आहे. – काकू)

माझं नाव घाल, मला काही लाजबीज वाटत नाही. काकू तो कागद दहा घरी दाखवेल. पण ते दुसऱ्या ओळीत. ज्या धडधाकट पिल्लाच्या मेंदूचा तो शेवटचा काप होता, ते तुमच्या आभारांत कुठे आहे? त्याला तर काही झालेलं नव्हतं. तुझ्या त्या अभागी पेशींना त्याने शेजार दिला आणि त्यात जीवही दिला. पहिली ओळ त्याची. मॅडम हसल्या तर हसू देत, पण ओळ खोडू देऊ नकोस.

त्याला नाव नसेल, पण पिंजऱ्यावर नंबर असेलच. तो नीट बघून लिही.

तुझी आजी