हीटसिंक उपटायचा नाही

झ्वोन्को,

मी दवाखान्यात सकाळच्या पाळीला चालले. वेस्नाचा जुना कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडतोय. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या त्या धातूच्या हीटसिंकखालचा लेप वाळून दगड झालाय. तो खरवडून नवा लावायचाय, त्याची ट्यूब टेबलावर आहे. आणि ऐक, या वेळी उपटायचं नाही! मागे तू दाढ काढल्यासारखा हीटसिंक ओढलास, तेव्हा त्याला चिकटून प्रोसेसरही वर आला आणि त्याचे तारेसारखे बारीक पाय वाकले.

आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालव, म्हणजे लेप मऊ पडेल. मग बंद करून वायरचा प्लग काढ आणि क्लिप सोडव. हीटसिंक जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरव. सुटला की मगच उचल. नाहीच हलला तर हेअर ड्रायरची ऊब देत पुन्हा फिरव. खाणीत ओपल दिसलं की जॅकहॅमर बाजूला ठेवून तुझा जो हात चालतो ना, तोच हात हवा.

हे एकट्याचं काम नाही. एकाने ड्रायर धरायचा, दुसऱ्याने फिरवायचं. वेस्नाला हाक मार. ती शिकायला अ‍ॅडलेडला जाते म्हणाल्यापासून तुमचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाललंय. 'तिला सांग', 'बाबाला सांग'. आज निरोप पोचवायला मी घरात नाही.

वेस्ना म्हणेल, "आई तर हे एकटीच करते." म्हणू दे. ड्रायर तिच्या हातात दे.

लॉरेल